बोट ओढायची वाट आणि चालायचा हक्क

इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला आलेल्या आई-बाबांना रोज चालायला कुठे पाठवायचं, याचं उत्तर बऱ्याच घरांत एकच असतं: कालव्यावर. चढ नाही, गाड्या नाहीत, गुडघे कुरकुरत नाहीत आणि वाट चुकायची तर सोयच नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कुंपण, जेवढं जायचं तेवढं जा आणि मागे फिरा. गावाबाहेर पडलात की हीच वाट शेतांमधून मैलोन् मैल जाते, तरी पाय दुखत नाहीत.

या वाटेला इथे 'टोपाथ' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे: बोट ओढायची वाट. माझं पीएच.डी.चं काम या टोपाथांवर आहे, आणि ते सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "वाटेला कसला आलाय इतिहास?" तर आज तेच सांगते. ही वाट चालणाऱ्या माणसासाठी केलेलीच नव्हती. ती दोर बांधलेल्या घोड्यासाठी केली होती, आणि माणूस तिथे फार नंतर, पाहुणा म्हणून आला. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी तो आजही पाहुणाच आहे.

आधी सपाटपणाचं बघू. आपल्या डोळ्यांसमोर कालवा म्हटलं की पाट येतो. नीरेचा डावा कालवा घ्या किंवा पुण्यातून जाणारा मुठा कालवा घ्या, त्यातलं पाणी वाहतं. ते शेतापर्यंत जावं म्हणून कालव्याला मुद्दाम हलकासा उतार ठेवलेला असतो. इंग्लंडमधले हे जुने कालवे सिंचनाचे नाहीत, वाहतुकीचे आहेत. त्यातलं पाणी जवळजवळ उभं असतं, म्हणजे लांबलचक तळंच म्हणा. उभं पाणी सपाट असतं, म्हणून त्याच्या काठची वाटही सपाट. जिथे जमीन चढते किंवा उतरते, तिथे 'लॉक' असतं: दोन दरवाज्यांमधला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर किंवा खाली नेतात. टोपाथवर तुम्हाला छोटासा चढ लागला तर समजा, लॉक आलं (किंवा पूल).

एवढा आटापिटा का, तर वजनासाठी. अठराव्या शतकात पाठीवर ओझं लादलेला घोडा टनाचा आठवा हिस्सा नेई. बऱ्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर दोनेक टन ओढी. तोच घोडा कालव्याच्या काठानं चालत अरुंद बोटीतला पंचवीस टन कोळसा ओढून नेई, आणि तोही दमगिरीनं, दिवसभर. ब्रिजवॉटरच्या ड्यूकनं आपल्या वर्स्ली इथल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे न्यायला कालवा खणला. १७६१ मध्ये त्यावरून बोटी जाऊ लागल्या आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला असं सांगतात. त्यानंतर पुढची सत्तर वर्षं देशभर कालवे खणले गेले.

मी जास्तीत जास्त चालले आहे ती ऑक्सफर्ड कालव्याच्या काठानं, आणि सुरुवात करायला हा कालवा उत्तम. ड्यूकचाच इंजिनिअर जेम्स ब्रिंडली यानं तो आखायला घेतला. ब्रिंडलीची पद्धत अशी: डोंगर फोडायचा नाही, दरी भरायची नाही, समान उंचीची रेषा धरून वळसे घेत जायचं. खर्च कमी, लॉक कमी. पण लांबी? कालव्याचा सर्वांत उंचावरचा टप्पा क्लेडन ते मार्स्टन डोल्स असा आहे. तिथे काठानं सुमारे ११ मैल चालावं लागतं, आणि सरळ रेषेत बघाल तर अंतर निम्म्याहूनही कमी. वर्मलेटन गावाजवळ तर कालवा एका टेकाडाला असा वेढा घालतो की समोर दिसणारं शेतघर अर्ध्या-पाऊण तासानं दुसऱ्या बाजूनं पुन्हा दिसतं. चालणाऱ्याला मजा वाटते. मालवाल्यांची मात्र चिडचिड होत असणार, कारण भाडं मैलावर होतं.

कंपनीला अर्थातच वळशांचं दुःख नव्हतं. टोल टनामागे आणि मैलामागे! म्हणून तर कालव्यांच्या काठी मैलाचे दगड आणि लोखंडी खांब दिसतात. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर १८१९ साली ओतलेले असे खांब अजून उभे आहेत. प्रत्येकावर दोन्ही टोकांची अंतरं लिहिलेली असतात, आणि कुठल्याही खांबापाशी बेरीज करा, ९२ मैलच येते. ही सोय वाटसरूंसाठी नव्हती, बिल करणाऱ्या कारकुनासाठी होती.

पुढे १८२० च्या दशकात लंडन आणि बर्मिंगहॅम जोडणारा दुसरा, सरळ कालवा खणायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा ऑक्सफर्ड कंपनी जागी झाली. १८२९ ते १८३४ या काळात तिनं उत्तरेकडचा भाग सरळ करून घेतला. एकूण ९१ मैलांतले १३-१४ मैल कमी झाले. दक्षिणेकडचा भाग तसाच वळणावळणाचा राहिला. त्यामुळे एकाच कालव्यावर तुम्हाला दोन काळ चालायला मिळतात. उत्तरेला खोल खोदलेल्या घळीतून आणि उंच भरावावरून सरळ जाणारा कालवा, रेल्वे येऊ घातली होती तेव्हाचा. दक्षिणेला ब्रिंडलीचा. उत्तरेच्या टोपाथवर मधूनच एक देखणा ओतीव लोखंडाचा पूल लागतो, आणि त्याच्याखालून कालव्याला फुटलेला एक फाटा शेतात जाऊन संपतो. हे तोडलेले जुने वळसे. पूल कशासाठी, तर फाट्याच्या तोंडावरून घोड्याला सरळ पुढे जाता यावं म्हणून.

घोडा आणि दोर ही जोडी डोक्यात ठेवून चाललात तर टोपाथवरच्या बऱ्याच विचित्र गोष्टी आपोआप उलगडतात. पुलाच्या कमानीचा वाटेकडचा कोपरा बघा. दगडात किंवा त्यावर बसवलेल्या लोखंडी पट्टीत बोटभर खोल खाचा दिसतील. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा कुणी छिन्नीनं पाडल्यात असं वाटलं होतं. त्या दोरानं पडल्यात. भिजलेला दोर, त्याला चिकटलेली वाळू आणि शंभर वर्षं रोज जाणाऱ्या बोटी. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर पुलांना मधोमध फट ठेवलेली आहे. घोडा न सोडता दोर त्या फटीतून काढून घ्यायचा. मॅकल्सफील्ड कालव्यावर जिथे टोपाथ एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो, तिथले पूल नागमोडी आहेत. घोडा पूल ओलांडून वळसा घेत पुन्हा पुलाखालूनच पुढे निघतो, आणि दोर सोडावा लागत नाही. लंडनच्या रीजंट्स कालव्याच्या काठाला पाण्यात उतरणारे छोटे उतार आहेत. रेल्वेच्या शिट्टीनं बुजून घोडे पाण्यात पडत, त्यांना बाहेर काढायची ती सोय.

ऑक्सफर्डच्या दक्षिण भागात, शेतांच्या मधोमध, लाकडी उचलते पूल आहेत. बहुतेक वेळा उघडेच असतात, पांढऱ्या-काळ्या दांड्या आभाळाकडे करून. चित्र काढावं असे. पण ते तिथे आहेत याचं कारण असं, की कालवा शेतकऱ्याच्या जमिनीचे दोन तुकडे करून गेला होता. इकडे गोठा, तिकडे कुरण. तेव्हा ज्याची जमीन चिरली त्याला पूल करून देणं कंपनीला भाग होतं. विटांचा पूल महाग पडतो, लाकडी स्वस्त. कंपनीजवळचे पैसे संपत आले होते हे त्या पुलांवरून कळतं.

बोगदा आला की टोपाथ संपतो. घोड्याला सोडून डोंगरावरून पलीकडे नेत, आणि आत माणसं बोटीवर फळ्या टाकून त्यावर उताणी झोपत, बोगद्याच्या भिंतीवर पाय टेकवून अंधारात बोट चालवत. याला 'लेगिंग' म्हणत. १८०५ मध्ये सुरू झालेला ब्लिसवर्थचा बोगदा पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे. १८७० च्या दशकात वाफेच्या बोटी येईपर्यंत तिथे हेच काम करणारी, दंडावर पितळी बिल्ला लावलेली माणसं होती. घोड्याची डोंगरावरची वाट आजही चालता येते, आणि चालताना मधूनच शेतात उभी असलेली विटांची धुरांडी दिसतात. ती खालच्या बोगद्याची हवा खेळती ठेवणारी भोकं.

घोड्याच्या आधी कोण ओढत होतं? माणसं. हा भाग माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा, म्हणून जरा थांबते. कालवे खणायच्या आधीपासून नद्यांवर बोटी होत्याच, आणि वारा नसला की त्या काठावरून माणसं ओढत. सेव्हर्न नदीवर अशा माणसांच्या टोळ्या असत. छातीवर पट्टा, चिखलात घोट्यापर्यंत पाय. त्यांना सलग वाट लागत नसे. माणूस कुंपणावरून चढतो, ओढ्यात उतरतो, झुडपं बाजूला करतो. घोडा हे करत नाही. घोड्याला वाट लागते: सलग, मोकळी, सपाट. सेव्हर्नवर घोड्यांची वाट करायचा पहिला कायदा १७७२ साली झाला, पण वाट प्रत्यक्षात यायला १८०० उजाडलं, कारण ती आली की टोळ्यांचं पोट जाणार होतं आणि त्यांचा विरोध होता. थोडक्यात, आज आपण ज्या सुंदर सपाट नदीकाठानं चालतो, तो सपाट झाला तेव्हा कुणाची तरी रोजी गेली होती.

कालव्यावरही चालणारं माणूस होतंच, घोड्याच्या मागे. आणि १८४० नंतर ते माणूस बऱ्याचदा लहान मूल होतं. रेल्वेनं भाडी पाडली, बोटवाल्यांना काठावरचं घर परवडेना, म्हणून बायको-मुलं बोटीवरच राहायला आली. जेमतेम दहा फूट लांब, सात फूट रुंद खोलीत अख्खं कुटुंब. बाई सुकाणू धरे आणि पोर घोड्याबरोबर चाले, पावसात, बर्फात. घोडा चालता चालताच खाई, तोंडाला डबा बांधलेला. पोराला तीही सोय नव्हती. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकानं याविरुद्ध रान उठवलं आणि १८७७ मध्ये कॅनॉल बोट्स ॲक्ट झाला. बोटींची राहतं घर म्हणून नोंदणी होऊ लागली, एका खोलीत किती माणसं राहायची याला मर्यादा आली. १८८४ मध्ये तपासणीची तरतूद कडक झाली. शाळेचा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नाही. रोज गाव बदलणाऱ्या मुलाला कुठल्या शाळेत घालणार? आपल्याकडच्या ऊसतोडणी कामगारांच्या मुलांबद्दल वाचताना मला नेहमी ही मुलं आठवतात.

आता कायद्याकडे येऊ. नदीत बोट चालवायचा हक्क सगळ्यांना आहे, हे इंग्लंडमध्ये मोठ्या नद्यांपुरतं तरी जुनं आणि मान्य तत्त्व. मग ती बोट ओढायला काठावरून चालायचा हक्क आहे की नाही? रोमन कायदा म्हणे, आहे. नदीचे काठ मालकाचे, पण वापर सगळ्यांचा. तेराव्या शतकात ब्रॅक्टन या इंग्लिश कायदेपंडितानंही तेच लिहून ठेवलं होतं. १७८९ मध्ये बॉल विरुद्ध हर्बर्ट या खटल्यात हा प्रश्न सरन्यायाधीश लॉर्ड केन्यन यांच्या कोर्टासमोर आला आणि कोर्टानं सांगितलं: असा सर्वसाधारण हक्क इंग्लिश कायद्यात नाही. पाणी सगळ्यांचं असेल, काठ मालकाचा. एखाद्या जागी वहिवाट असेल किंवा कायदा असेल तर गोष्ट वेगळी.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे परिणाम तुमच्या पायांना आजही जाणवतात. थेम्सच्या काठानं चालताना वाट मध्येच तुटते आणि पलीकडच्या काठावर सुरू होते. निसर्गाचा त्यात काही हात नाही. या काठच्या मालकानं घोडे जाऊ दिले नाहीत किंवा पलीकडे वाट करणं सोपं पडलं, म्हणून टोपाथ पलीकडे गेला, आणि जिथे तो काठ बदले तिथे घोड्यांना नेणारी नाव असे. विसाव्या शतकात घोडेही गेले आणि नावाही गेल्या. वाटेचे तुकडे उरले. थेम्सच्या काठाची सलग १८४ मैलांची वाट, थेम्स पाथ, १९९६ मध्ये अधिकृतपणे सुरू झाली, त्याआधी हे तुकडे एकेक करून सांधावे लागले. हर्लीजवळ जिथे पूर्वी नाव होती, तिथे १९८९ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी पूल बांधला. घोड्यासाठी जे कुणी केलं नव्हतं, ते शेवटी फिरायला येणाऱ्यांसाठी झालं!

नदीचं हे असं. कालव्याचं अजून सरळ होतं: पाणीही कंपनीचं, काठही कंपनीचा. संसदेनं जमीन घ्यायची परवानगी दिली ती मालवाहतुकीसाठी. दुसऱ्या कुणी टोपाथवर पाऊल टाकलं तर ते अतिक्रमण. पण गावच्या माणसांना हे कोण सांगणार? कामावर जायला, चर्चला जायला, प्रेमात पडायला सपाट, कोरडी वाट मिळाली तर लोक ती वापरणारच. वर्षानुवर्षं वापरली की प्रश्न उभा राहतो, हा आता लोकांचा रस्ता झाला का? १८८८ मध्ये ग्रँड जंक्शन कॅनॉल कंपनी विरुद्ध पेटी या खटल्यात कोर्ट म्हणालं, होऊ शकतो. टोपाथ सार्वजनिक पायवाट म्हणून दिला जाऊ शकतो, फक्त बोटीच्या कामाला अडथळा येता कामा नये. दोर आला तर तुम्ही बाजूला व्हायचं. शंभर वर्षांत कोर्ट कुठून कुठे आलं बघा. अर्थात तोवर कंपन्यांचे चांगले दिवस सरत आले होते, आणि हा योगायोग नाही असं माझं मत आहे. वाटेची कमाई जाते तेव्हा तिच्यावरचा पहाराही ढिला पडतो.

पण 'होऊ शकतो' म्हणजे 'झाला' नव्हे. काही टोपाथ सार्वजनिक पायवाट म्हणून नकाशावर नोंदले गेले, बरेच नोंदले गेले नाहीत. अशा ठिकाणी तुम्ही चालता ते मालकाच्या परवानगीनं. इथे काही जमीनमालक वर्षातून एक दिवस वाटेचं फाटक मुद्दाम बंद ठेवतात, ते एवढ्याचसाठी: लोकांची वहिवाट सिद्ध होऊ नये.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी कित्येक आठवडे गोठलं आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक जवळजवळ संपली. कालवे बुजवून टाकावेत असं म्हणणारे कमी नव्हते. ते वाचले याचं मोठं श्रेय हौशी लोकांना जातं. एल. टी. सी. रोल्ट यांचं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये आलं, दोनच वर्षांत इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. त्यांचं लक्ष मुख्यतः बोटींवर होतं. टोपाथ त्यांच्याबरोबर वाचला, असं म्हणा हवं तर. काही टोपाथांना मधल्या काळात भलताच धंदा मिळाला: १९७९ मध्ये लंडनच्या रीजंट्स कालव्याच्या टोपाथखालून चार लाख व्होल्टच्या विजेच्या तारा टाकल्या. त्या थंड ठेवायला कालव्याचं पाणी वापरतात.

२०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैल जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. हस्तांतराच्या करारात पायी चालणाऱ्यांना टोपाथ मोफत खुला ठेवायचं कलम आहे. १७८९ च्या निकालानंतर एवढा मोठा पल्ला! पण मोफत म्हणजे बिनखर्चाचा नाही. २०२३ मध्ये सरकारनं जाहीर केलं की २०२७ पासून ट्रस्टचं अनुदान दहा वर्षं दरवर्षी ५ टक्क्यांनी कमी होत जाईल. बोटवाले परवाना फी भरतात. चालणारे काहीच भरत नाहीत, आणि संख्येनं तेच कितीतरी जास्त. या भांडणात माझा कल कुठे आहे ते लपवत नाही: चालणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात झाली तर ते कलम कागदावरच राहील.

खर्च कशावर होतो, तेही बघा. टोपाथ आणि कालव्याचा बांध या दोन गोष्टी नाहीत. तुम्ही ज्यावरून चालता तोच भराव पाणी अडवून धरतो. १ जानेवारी २०२५ ला जोरदार पावसानंतर चेशरमध्ये, डनम मॅसी इस्टेटच्या जवळ ब्रिजवॉटर कालव्याचा बांध फुटला. हा कालवा ट्रस्टकडे नाही, आजही खाजगी मालकीचा आहे. जिथे भराव होता तिथे भगदाड पडलं आणि पाणी शेतांत गेलं. ब्रिंडलीच्या पहिल्या कालव्याचा टोपाथ तिथे तुटला.

आता तुम्हाला एक काम. तुमच्या गावाजवळून पाट किंवा कालवा जात असेल, तर त्याच्या काठची वाट कुणाची आहे ते विचारून बघा. जलसंपदा विभागाची तपासणीची वाट असेल, शेताकडे जायचा वहिवाटीचा रस्ता असेल, किंवा दोन्ही असेल. तिथे पाटी आहे का, फाटक आहे का, पहाटे चालायला जाणाऱ्यांना कुणी हटकतं का? मला खाली लिहून कळवा. प्रबंधात तुलनेचं एक छोटं प्रकरण घालायचं आहे, आणि त्यासाठी घरच्या पाटांपेक्षा चांगलं काय असणार.